फवारणीचं रिकामं पाकीट जपून ठेवा

फवारणी करताना गडी चक्कर येऊन वावरात पडला तर त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं, हे गावाला शिकवावं लागत नाही. कुणी मोटारसायकल काढतो, कुणी १०८ ला फोन लावतो, माणूस हलतो. एक साधं काम मात्र राहून जातं. त्या दिवशी पंपात जे काही ओतलं असेल त्याचं पाकीट, बाटली, डबा बांधावरच पडून राहतो. कुणीतरी हाताला प्लास्टिक गुंडाळून तो उचलावा, पिशवीत बांधावा, मोबाइलवर त्याचा फोटो काढावा आणि रुग्णासोबत पाठवावा. हे न केल्याची किंमत आधी डॉक्टरपुढे मोजावी लागते आणि मग कित्येक वर्षं न्यायालयापुढे.

आधी डॉक्टरचं बघू. सगळी कीटकनाशकं एका जातीची नसतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. त्यांच्या विषबाधेवर ॲट्रोपिन देतात आणि रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी केली तर बाधा किती झाली ते कळतं. डायफेन्थियुरॉन त्या गटातलं नाही. त्याला नेमका उतारा नाही आणि ही रक्ततपासणी त्याचा पत्ता देत नाही. समोर अर्धवट शुद्धीतला माणूस आहे आणि नातेवाईक सांगताहेत, ‘पऱ्हाटीवर काहीतरी मारत होता.’ एवढ्यावर डॉक्टरने काय ठरवायचं? पाकिटावर रसायनाचं नाव असतं, विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, आणि आतल्या पत्रकात विषबाधा झाल्यास काय करायचं तेही छापलेलं असतं. तो कागद आधी जीवासाठी लागतो. दाव्यासाठी नंतर.

२०१७ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे रुग्ण एकामागून एक येत राहिले. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, हवा दमट होती आणि किडींचा जोर मोठा होता. पीक उंच म्हणून फवारा वर धरायचा, आणि वर धरलेला फवारा तोंडावर येतो. भरीला दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवायची, दुकानदार सांगेल त्या प्रमाणात. जिल्ह्यात आठशेच्या आसपास माणसं दवाखान्यात दाखल झाली, वीसहून अधिक दगावली. काहींना काही दिवस दिसतच नव्हतं. त्यातले कितीतरी रोजंदारीवरचे मजूर होते. औषध त्यांनी विकत घेतलं नव्हतं, नाव वाचलं नव्हतं, फक्त पाठीवर पंप घेतला होता. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. बंदी आली तेव्हा फवारणीचा हंगाम जवळजवळ उरकला होता, हे सांगायलाच हवं.

त्या पाचांत डायफेन्थियुरॉन होतं. ते ‘पोलो’ या नावाने विकणारी सिंजेंटा ही स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची कंपनी. त्याच वर्षी ती चीनच्या केमचायना या सरकारी कंपनीने विकत घेतली. तिचं भारतातलं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. डायफेन्थियुरॉन युरोपीय संघाच्या बाजारातून २००२ मध्ये आणि स्वित्झर्लंडच्या बाजारातून २००९ मध्ये बाहेर गेलं होतं. तिथल्या शेतात चालायचं नाही, पण तिथून बाहेर धाडायला मनाई नव्हती. २०१७ सालीही ते स्वित्झर्लंडहून भारतात येत होतं.

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे (ते काय असतं ते पुढे येईल) तक्रार गेली. जून २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी असा तिघांचा दावा बाझेलच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला. कंपनीने आरोप फेटाळले. विषबाधा आमच्याच औषधाने झाली याला पुरावा नाही, हे तिचं म्हणणं. अशा खटल्यात कंपनी हेच म्हणणार. तिच्या जागी कुठलीही कंपनी हेच म्हणेल, आणि कायद्याने तिला तसं म्हणता येतं. सिद्ध करायचं ओझं बव्हंशी आपल्यावर असतं.

मग या लोकांच्या हाती काय होतं? स्थानिक पोलिसांच्या नोंदी. त्या नोंदींत ९६ विषबाधांच्या प्रकरणांत ‘पोलो’चं नाव आलं होतं, त्यांतली दोन मृत्यूची. कुणा हवालदाराने, कुणा नातेवाइकाला विचारून, रकान्यात एक नाव लिहिलं होतं म्हणून यवतमाळचा माणूस बाझेलच्या न्यायालयाच्या दारापर्यंत पोचू शकला. बाकीची शेकडो माणसं तेवढीच आजारी पडली होती. त्यांनी कोणत्या कंपनीचं कोणतं औषध मारलं ते नक्की सांगणारा कागदच जर कुठे नसेल, तर त्यांच्यासाठी जगातला सर्वांत प्रामाणिक न्यायाधीशही काही करू शकत नाही.

म्हणून सांगतो, पहिल्या आठवड्यात कागदाकडे लक्ष द्या. दुःखाच्या दिवसात हे बोलणं निष्ठुर वाटेल. घरातल्यांना जमणार नाही. शेजाऱ्याने, पोलीस पाटलाने, शाळेतल्या गुरुजींनी, कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने हे अंगावर घ्यावं.

दवाखान्यात पोचल्याबरोबर स्पष्ट शब्दांत सांगा की फवारताना बाधा झाली. विदर्भात विषबाधेचा रुग्ण आला की पहिला समज आत्महत्येचा होतो, आणि घाईत कागदावर ‘विषारी औषध प्राशन केल्याने’ असं उमटून जातं. ते वाक्य एकदा केसपेपरवर चढलं की पोलिसांच्या कागदात जातं, तिथून शवविच्छेदनाच्या अहवालात जातं, आणि पुढे कुठेही गेलात तरी ते वाक्य तुमच्या आधी तिथे पोचलेलं असतं. असं लिहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. विषबाधेची नोंद दवाखान्याने एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून करून पोलिसांना कळवायची असते. तो एमएलसी क्रमांक विचारून लिहून ठेवा. मृत्यू झाला तर शवविच्छेदन नको म्हणू नका, कितीही जिवावर आलं तरी. व्हिसेरा राखून ठेवला का, कुठल्या प्रयोगशाळेत पाठवला, हेही विचारा. रुग्णाच्या कागदपत्रांची प्रत मागितली तर ती ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. डिस्चार्ज कार्ड तेवढं घेऊन घरी येऊ नका. सगळे कागद मागा. औषधांच्या पावत्या, गाडीभाडं, मजुरी किती दिवस बुडाली, याची एक वही घाला.

पाकिटाचं पुढे काय करायचं? ते घरात आणू नका, लेकराबाळांच्या हाती लागेल. दुहेरी पिशवीत बांधून गोठ्याच्या माळ्यावर किंवा कुलपातल्या पेटीत ठेवा. बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपल्याची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता, सगळं दिसेल असे फोटो काढून दोन-तीन जणांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. थोडं औषध उरलं असेल तर ते ओतून टाकू नका. तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा. कीटकनाशक निरीक्षकाला नमुना घेऊन तपासायला पाठवण्याचा अधिकार आहे. पोलीस किंवा कृषी खात्याचा माणूस पाकीट मागायला आला तर जरूर द्या, पण पंचनामा करून, आणि पंचनाम्याची प्रत हातात घेऊन.

पावतीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. कृषी सेवा केंद्रातून माल उधारीवर येतो, पक्कं बिल मिळत नाही, मिळालं तर त्यावर भलतंच नाव असतं. उधारी आहे म्हणून बिल मागायचा हक्क जात नाही. दुकानदाराने कुरकुर केली तर एवढंच म्हणा की बिल नसेल तर माल दुसरीकडून घेतो. बिल नसलंच, तर दुकानदाराच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो, फोन-पेचा मेसेज, काहीतरी हवं. मजुरासाठी हे आणखी अवघड आहे, कारण बिल मालकाकडे आणि मालकाला भीती की प्रकरण आपल्यावर शेकेल. शेतमालकांना माझं सांगणं आहे: तुमचा गडी आजारी पडला तर बिल आणि पाकीट लपवू नका. दोघेही एकाच पाकिटावरचा मजकूर वाचून, किंवा न वाचता, फसलेले असता. दडवादडवी केलीत तर मजूर एकटा पडेल आणि कंपनीच्या वकिलाला बोट दाखवायला तुम्ही आयते मिळाल.

आता त्या बोट दाखवण्याविषयी. ‘हातमोजे घातले नव्हते, तोंडाला मास्क नव्हता, वाऱ्याच्या दिशेला उभा होता, दोन औषधं एकत्र केली.’ यवतमाळच्या वेळी हे इतक्यांदा ऐकवलं गेलं की आजारी माणसंसुद्धा मान खाली घालून ‘हो, चूक झाली’ म्हणू लागली. काळजी घ्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण तुम्हाला हे माहीत असावं की संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांविषयी एक आचारसंहिता आहे. तिच्यात लिहिलंय की जी औषधं हाताळायला अडचणीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवेच्या प्रदेशात, छोट्या शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. जणू सप्टेंबरातलं यवतमाळ डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलंय. मोठ्या कीटकनाशक कंपन्यांची जागतिक संघटना ही संहिता आपल्याला मान्य असल्याचं सांगते. तेव्हा जबाब देताना जे घडलं ते खरं सांगा, मास्क नव्हता तर नव्हता म्हणा. पण ‘माझीच चूक’ असं वाक्य कुणी तुमच्या तोंडी घालत असेल तर सही करू नका. पत्रक कुठल्या भाषेत होतं, अक्षर वाचता येण्याजोगं होतं का, दुकानात संरक्षक कपडे विकायला होते का, कंपनीच्या माणसाने गावात येऊन काय सांगितलं होतं, हेही जबाबात लिहायला लावा.

सहीची गोष्ट निघालीच आहे तर भोपाळकडे वळू. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून सगळ्या गॅसपीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. हेतू चांगला असेल. सरकारने दाव्यात तीन अब्ज डॉलर्सच्या वर भरपाई मागितली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसं जळाली त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे सुमारे पावणेसहा लाख दावे मंजूर झाले आणि बहुतेकांच्या हाती पंचवीस हजार रुपये पडले, कित्येक वर्षांनी तेवढेच आणखी. ज्यांच्याकडे उपचाराचे नीट कागद नव्हते ते हलक्या इजेच्या वर्गात टाकले गेले आणि तिथेच राहिले. वाढीव भरपाईसाठी सरकारने नंतर केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. जी तडजोड एकदा झाली ती झाली.

म्हणून दारी कुणी पैसे घेऊन आलं तर कागद वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय, अंगठा उठवू नका. ‘फुल अँड फायनल’ किंवा ‘यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात असतंच. पैशाची निकड असते, मला ठाऊक आहे. अंत्यविधीचा खर्च डोक्यावर असताना पन्नास हजारांच्या नोटांची पुडकी समोर ठेवली तर हात पुढे जातो. एक रात्र मागून घ्या. कागदाची प्रत मागा. जो माणूस प्रत द्यायला तयार नाही त्याच्या कागदात काय असेल ते ओळखा. सरकारी सानुग्रह मदत मात्र निःसंकोच घ्या. ती सरकारची मदत आहे; ती घेतल्याने कंपनीवरचा तुमचा दावा संपत नाही.

संस्था, संघटना, वकील येतील. त्यांनाही प्रश्न विचारा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. खर्च कोण करणार, हरलो तर काय, जिंकलो तर पैसे कुणाच्या खात्यात येणार, तडजोड करायची झाली तर निर्णय कोण घेणार, हे लिहून मागा. चांगल्या वकिलाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि एकट्याने जाऊ नका. तमिळनाडूत कोडाईकनालला हिंदुस्थान युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता, मूळ अमेरिकेतून १९८३ मध्ये इथे हलवलेला. २००१ च्या मार्चमध्ये गावकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या काचेचा साडेसात टनांच्या घरातला ढीग शोधून काढला, तेव्हा कारखाना बंद झाला. कामगारांच्या तब्येतीला काही झालं नाही, अशी कंपनीची भूमिका होती. एखादा कामगार एकटा गेला असता तर ‘तुमचं मूत्रपिंड दुसऱ्याच कारणाने बिघडलं’ असं सांगून त्याला वाटेला लावता आलं असतं. कामगारांनी संघटना बांधली, २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तडजोड पदरात पाडली. कंपनीने दोष कबूल केला नाही. तरी पैसे मिळाले, आणि ते कामगारांच्या संघटनेशी बसून ठरले. एकाच लक्षणाची पन्नास प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली की योगायोगाची सबब टिकत नाही. यवतमाळमध्येही बाधित शेतकरी-मजुरांनी स्वतःची संघटना केली, म्हणूनच ५१ कुटुंबांची नावं एका तक्रारीत आली.

यानंतरची गोष्ट रुक्ष आहे, पण हिच्यामुळे जितके हक्क बुडतात तितके पैशाअभावी बुडत नसतील. मुदत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेसाठी थेट उत्पादकाकडून भरपाई मागता येते, आणि पोटापाण्यासाठी केलेली खरेदी त्यातून वगळलेली नाही. औषध मालकाने घेतलं आणि त्याच्या सांगण्यावरून मजुराने वापरलं, तर मजुरालाही ग्राहक म्हणून उभं राहता येतं का, हे वकिलाला मुद्दाम विचारा. कायद्यात संमतीने वापरणाऱ्याला जागा आहे. दिवाणी दाव्याला प्रकारानुसार एक ते तीन वर्षं मिळतात. कारखान्याने नदी-विहीर नासवली असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज तिथेच जातात. भरपाईसाठी पाच वर्षं, इतर तक्रारींना सहाच महिने. भोपाळनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आला. धोकादायक पदार्थांच्या अपघातात कारखान्याबाहेरच्या माणसाला दोष सिद्ध न करताही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तातडीची रक्कम त्याखाली मागता येते, तिथेही मुदत पाच वर्षं. रक्कम मोठी नसते, पण मागणारेच दुर्मीळ. आणि स्वित्झर्लंडच्या उत्पादन दायित्व कायद्यात मुदत तीन वर्षांची. यवतमाळची माणसं २०१७ च्या शरदात आजारी पडली आणि दाव्याआधीची तिथली प्रक्रिया सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. तारखा ताडून बघा, किती काठावर होतं ते कळेल.

परदेशात जायचं म्हणजे काय, यात काही राम आहे का, असं कुणीही विचारेल. आहे, पण डोळे उघडे ठेवून जावं. नायजेरियातल्या तीन गावांमधल्या चार शेतकऱ्यांनी २००८ मध्ये शेल या तेल कंपनीला तिच्या मायदेशात, नेदरलँड्समध्ये, न्यायालयात खेचलं. पाइपलाइनमधून गळलेल्या तेलाने त्यांची शेतं आणि मासळीची तळी गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ च्या अखेरीस दीड कोटी युरोंची भरपाई ठरली. लढा सुरू करणाऱ्यांतले काही तोवर हयात नव्हते. आपलेही हात स्वच्छ आहेत असं नाही. अनिल अग्रवालांच्या वेदांत कंपनीच्या तांब्याच्या खाणीने नद्या विषारी केल्या म्हणून झांबियातले अठराशेहून अधिक गावकरी लंडनला गेले, आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा खटला इथे चालू शकतो. दोन वर्षांनी कंपनीने तडजोड केली. ‘आमची तिथली उपकंपनी वेगळी, आमचा संबंध नाही’ ही सबब आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही.

राष्ट्रीय संपर्क केंद्राचा रस्ता वेगळा. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने आपल्या कंपन्यांसाठी काही नियम घातलेत आणि प्रत्येक देशात तक्रार ऐकायला असं केंद्र ठेवलंय. भारतातल्या गावालाही तिथे तक्रार करता येते, वकील लागत नाही. पण केंद्राच्या हाती काठी नाही; ते फक्त दोन्ही बाजूंना एका टेबलावर बसवतं. यवतमाळच्या तक्रारीवर २०२२ मध्ये समेट न होताच कामकाज संपलं. हा रस्ता बंद आहे असं मी म्हणत नाही. त्यावर भरपाई मिळेल अशा आशेने घर गहाण मात्र टाकू नका.

मागणी दोन गोष्टींची असते, भरपाई मिळावी आणि विष थांबावं, आणि त्या एकत्र मिळतीलच असं नसतं. केरळात प्लाचिमडाला कोका-कोलाच्या कारखान्याने विहिरी आटवल्या, पाणी नासवलं म्हणून मयिलम्मा आणि तिच्या सोबतच्या आदिवासी बाया २००२ मध्ये कारखान्याच्या दाराशी बसल्या. पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि २००४ च्या मार्चमध्ये कारखाना थांबला. एवढं एका ग्रामपंचायतीने केलं. भरपाई मात्र आजवर हाती आलेली नाही. राज्याच्या समितीने नुकसान २१६ कोटींचं ठरवलं, विधानसभेने त्यासाठी न्यायाधिकरणाचं विधेयक मंजूर केलं, आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीवाचून बारगळलं. तरी ज्या विषाने बाप गेला ते पुढच्या पोराच्या पाठीवर चढू नये, ही मागणीही भरपाईइतकीच न्यायाची आहे. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यात डायफेन्थियुरॉन आहे.

शहरात राहून हे वाचणाऱ्यांना दोन शब्द. तुम्ही डॉक्टर असाल तर केसपेपरवर औषधाचं नाव आणि ‘फवारणी करताना’ एवढं लिहा. तुमच्या दोन ओळी तुमच्या रुग्णाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पुरावा ठरू शकतात. कायदा शिकत असाल तर सुट्टीत गावाकडच्या पाच घरांची कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून द्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून दवाखान्यातल्या विषबाधेच्या नोंदी, कृषी खात्याने घेतलेल्या नमुन्यांचे निकाल, दुकानांच्या तपासणीचे अहवाल मागता येतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रुग्णांची नावं वगळून मागा म्हणजे नकाराला जागा उरत नाही. बाझेल, झ्युरिक, फ्रँकफुर्ट, लंडनला नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनाही काम आहे. मराठीतला जबाब तिथल्या भाषेत नीट उतरवणारा माणूस अशा खटल्यात सोन्याच्या मोलाचा असतो. तिथले लोक आपल्या विरोधात आहेत असंही समजू नका: नोव्हेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कंपन्यांना परदेशातल्या नुकसानीबद्दल जबाबदार धरण्यावर सार्वमत झालं तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी होकार दिला होता. बहुसंख्य कँटन्स विरोधात गेली म्हणून प्रस्ताव पडला.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन आहे १५१००. नवरा फवारणीत गेला आणि बाई एकटी राहिली, तर ती बाई या यादीत बसतेच. तिला हे सांगायला कुणीतरी तिच्या दारी जायला हवं.

१ मेला ग्रामसभा असते. त्यानंतर महिन्याभरात पेरण्या आणि पुढे फवारणी. या ग्रामसभेत तीन ठराव मांडा: गावात औषध विकणारा दुकानदार पक्कं बिल देईल, फवारणीला माणूस लावणारा त्या दिवशीच्या पाकिटांचा फोटो मजुराच्या मोबाइलवर पाठवेल, आणि विषबाधेच्या प्रत्येक घटनेची तारीख, औषध, बॅच क्रमांक यांची नोंदवही ग्रामपंचायतीत राहील. आणि ज्यांच्या घरी गेल्या वर्षी किंवा त्याआधीच्या वर्षी असं काही घडलंय त्यांनी ग्रामसभेची वाट बघू नये. आजाराची तारीख शोधा, तिच्यापासून दोन वर्षं मोजा आणि या आठवड्यातच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन बसा.